सरदारला कोणी सांगायचं

९ जून

बाई,

माझं अक्षर ओळखलंत तर पाकीट न फोडताच फेकून द्याल, म्हणून वरचा पत्ता आमच्या ह्यांच्याकडून लिहून घेतला. आता फोडलंच आहे तर वाचा.

तुमचा पत्ता केंद्राच्या गाडीवाल्या काकांनी दिला. त्यांच्यावर रागावू नका. जाताना तुम्ही तो सरदारसाठी ठेवला होतात, कधी चित्र पाठवावंसं वाटलं तर असावा म्हणून. काका म्हणाले, भाऊ तुमचा, तेव्हा पत्ता तुमच्याच घरी जायला हवा. माझ्या तक्रारीचं त्यांना माहीत आहे. केंद्रात सगळ्यांनाच माहीत आहे. गाडी चुकली आणि मी सरदारला सोडायला गेले की स्वयंपाकघरातल्या मावशी भांडी जरा जोरात आपटतात.

चौकशी सोळा जुलैला आहे. तोवर दोन्ही बाजूंनी एकमेकांशी बोलायचं नाही असं केंद्र चालवणाऱ्या मोठ्या बाईंनी बजावलंय, त्यामुळे त्याबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही. मी पाहिलं ते पाहिलं. माझा भाऊ जमिनीवर पडून रडत होता आणि तुम्ही चार पावलांवर हात मांडीत घेऊन बसला होतात. बोट हलवलं नाहीत. ते मी लिहून दिलंय आणि त्यावर मी ठाम आहे. निकाल विरुद्ध गेला तर तुम्हाला सरदारसारख्या माणसांबरोबर पुन्हा कुठेच काम करता येणार नाही, हेही मला सांगितलंय. तो नियम काही मी केलेला नाही.

पत्राचं कारण वेगळंच आहे. तुम्ही त्याला दिवसाची पट्टी करून दिली होतीत ना, उठणं, दात, चहा, गाडी, केंद्र, घर अशी ओळीने चित्रं लावलेली. एक काम झालं की ते चित्र काढायचं आणि 'झालं' लिहिलेल्या कप्प्यात टाकायचं. त्या पट्टीवर संध्याकाळी सहाच्या जागी आईचं चित्र आहे, कारण सहा वाजता आई त्याला वर्तमानपत्रातल्या मोटारींच्या जाहिराती दाखवायची. गेले दोन महिने तो बरोबर सहाला आईचं चित्र काढतो आणि मुठीत धरून घरभर फिरतो. कप्प्यात टाकत नाही, परत पट्टीवरही लावत नाही. काल कपड्यांची मापं द्यायला गिऱ्हाईक आलं होतं. त्यांच्यापुढे चित्र धरून म्हणाला, हे कुठे? त्या बिचाऱ्या गोंधळल्या. मी टेप गळ्यात घालून नुसती उभी.

तर ते चित्र कुठे ठेवायचं, एवढं कळवा. पट्टी तुमची आहे, उत्तरही तुम्हीच द्यायला हवं. बाकी काही लिहिण्याची गरज नाही.

एक मात्र सांगायला हवं. तो हल्ली बसच्या थांब्यावर जाऊन बसत नाही. जानेवारीत आई गेली तेव्हापासून मार्च संपेपर्यंत रोज दोन-दोन तास बसायचा. ते थांबलंय. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे की नाही, माझं ठरलेलं नाही.

सरदारची ताई


२३ जून

बाई,

उत्तर नाही. नसणारच. मोठ्या बाईंनी बोलू नका म्हटलं की तुम्ही बोलत नाही आणि मी लिहीत सुटते. तुमचं आधीपासून हेच. नियम म्हणजे नियम, मग समोरचा डोकं आपटून घेईना का.

चित्राचं त्याचं त्यानेच मिटवलं. गेल्या मंगळवारी ह्यांच्याकडे चिकटपट्टी मागितली. हे घड्याळ दुरुस्तीला बसले की कोणाला हाताला हात लावू देत नाहीत, पण सरदारसाठी भिंग खाली ठेवून उठले. दोघं खोलीत गेले. मी गेले नाही, मला बोलावलंच नव्हतं. नंतर बघते तर त्याच्या कपड्यांच्या कपाटाच्या दाराला आतून, बरोबर त्याच्या तोंडासमोर, आईचं चित्र चिकटवलेलं. रोज सकाळी दार उघडतो, शर्ट काढतो, चित्राकडे बघून म्हणतो, आई मेली. मग बटणं लावायला घेतो. आज सोमवार म्हणावं तशा आवाजात म्हणतो, बाई. पहिल्या दिवशी माझ्या हातातली इस्त्री तशीच राहिली आणि ह्यांच्या पँटीवर डाग पडला.

आणि हे घरापुरतं असतं तरी चाललं असतं. तो सगळ्यांना सांगतो. किराणा दुकानात सांगितलं, औषधाच्या दुकानात सांगितलं, शेजारच्या नव्या भाडेकरूला ओळखदेख नसताना जिन्यात गाठून सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. परवा पाण्याचं मीटर तपासायला एक माणूस आला. सरदार हात मागे बांधून त्याच्यापुढे उभा राहिला (ह्या ऐटीवरूनच तर आईने त्याला सरदार नाव पाडलं) आणि म्हणाला, आई मेली. मी पडद्यामागून पुढे झाले, माफी मागायला. तो माणूस टोपी काढून आमच्या पायरीवर टेकला. म्हणाला, माझे वडील गेल्या महिन्यात गेले. मग ते दोघं तिथे बसून राहिले. बोलले फारसं काही नाहीत. वीसेक मिनिटांनी तो उठला, सरदारच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेला. मीटर वाचायचं राहिलंच, दुसऱ्या दिवशी पुन्हा यावं लागलं त्याला.

मी तोवर पुन्हा पडद्यामागे गेले होते. कात्री हातात, कापड पुढ्यात आणि एक रेघ सरळ कापता येईना.

आभारांबद्दल लिहिते. एक-दोन गोष्टींबद्दल मानले तर तक्रार कच्ची होत नाही, असं मी मनाशी ठरवलंय. बटणांबद्दल आभार. पस्तीस वर्षं आई आणि मी त्याची बटणं लावत आलो, तुम्ही पाच महिन्यांत त्याला लावायला शिकवलीत. खाली गाडीवाले काका भोंगा वाजवतायत आणि तुम्ही दारात ढिम्म उभ्या, सरदारचं तिसरं बटण चाललंय. तेव्हा तुम्हाला ढकलून बटणं लावावीत असं मला वाटायचं. आता तो नऊ मिनिटांत लावतो. मी मोजते.

आणि 'अहो सरदार' म्हणत होतात त्याबद्दल. आम्ही सगळे अरे-तुरे करतो. तुम्ही पहिल्या दिवशी अहो म्हणालात तेव्हा तो कोण आलं म्हणून मागे वळून बघायला लागला. माझा भाऊ एक्केचाळीस वर्षांचा आहे हे मला त्या दिवशी नीट कळलं.

ताई


५ जुलै

बाई,

आज दुकान उघडलं नाही. दारावर 'तब्येत बरी नाही' अशी पाटी लावलीय. तब्येतीला काही झालेलं नाही.

काल अस्तराचं कापड काढायला मोठं कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात, पांढऱ्या कापडाच्या तळाशी, तुमची वही होती. ती तिथे आहे हे मी विसरले होते असं लिहिणार होते, पण विसरले नव्हते. मीच ठेवली होती आणि वर कापडाच्या तीन घड्या घातल्या होत्या.

तुम्हाला सगळं माहीतच आहे, तरी लिहिते, कारण मी हे अजून कुणालाच सांगितलेलं नाही, ह्यांनाही नाही. आई दवाखान्यातच वारली. तिसऱ्या दिवशी सरदारने विचारलं तेव्हा मी सांगितलं, आई बाहेरगावी गेलीय, येईल. तो म्हणाला, बसने? मी हो म्हणाले. तिथून ते थांब्यावर बसणं सुरू झालं. प्रत्येक बस आली की उठून उभा राहायचा, दार बंद झालं की बसायचा. जेवण टाकलं. केंद्रात पाकिटं चिकटवायचं काम इतकं सुरेख करायचा, तीच फाडायला लागला. कपाळावर तळहात मारून घ्यायचा. सगळे म्हणाले औषध वाढवा.

तुम्ही नाही म्हणालात. माझ्या दुकानात, शिलाई मशीनपलीकडच्या स्टुलावर बसून म्हणालात, ते आजारी नाहीत ताई, ते वाट बघतायत. त्यांना तुम्हीच सांगा, मी शेजारी बसते. मी म्हणाले, त्याला नाही झेपणार. तुम्ही वाद घातला नाहीत. दोन दिवसांनी वही आणून दिलीत. पानापानावर साधी चित्रं. आई आजारी होती. डॉक्टरांनी औषध दिलं. आईचा श्वास थांबला. आई मेली. आई परत येणार नाही. सरदारना रडू येईल, ताईलाही येईल. शेवटच्या पानावर आमच्या घराचं चित्र आणि त्यात मी, हे आणि तो. आईचा एक फोटो लावायला जागा सोडली होतीत. आणि जाताना म्हणालात ते मला शब्दन् शब्द आठवतं: "मी आपणहून काही सांगणार नाही. पण त्यांनी मला सरळ विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. तेवढ्यासाठी लवकर सांगा."

तीन आठवडे वही माझ्याकडे होती. तुम्ही दर सोमवारी विचारायचात, सांगितलंत? मी म्हणायची, ह्या आठवड्यात नक्की.

आणि तक्रारीत मी लिहिलं, 'कुटुंबाला कोणतीही पूर्वकल्पना न देता.' एका बैठकीत लिहिलं. पेन कुठे अडलं नाही.

का सांगितलं नाही हे तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून आता सांगते. त्याच्या रडण्याची भीती हे सगळ्यांना सांगायचं कारण होतं. खरं हे की तो थांब्यावर बसायचा तोवर निदान एक माणूस तिची वाट बघत होतं. त्याला सांगितलं असतं तर घरात वाट बघणारं कोणी उरलं नसतं आणि मग ती मेलीच असती. आईच्या जाण्यानंतर मी रडले नव्हते. कामं होती, सरदार होता. सगळे म्हणायचे, किती खंबीर. मला ते ऐकायला बरं वाटायचं.

चौकशी समितीपुढे हे सांगेन असं मी इथे लिहीत नाही. एकदा लिहिलं की सांगावं लागेल. तक्रार खोटी निघाली तर सरदारची पालक म्हणून कागदांवर सही करायचा माझा हक्कच काढून घेतील, ही धास्ती आहे. त्याला माझ्यापासून तोडतील. मग ह्या वयात तो जाणार कुठे? तुमची नोकरी एकीकडे आणि माझा भाऊ एकीकडे, असा हिशोब मी रोज मांडते आणि रोज मला हवं तेच उत्तर येतं.

वही पुन्हा कपाटात ठेवलीय. ह्या वेळी कापडाच्या वर.

ताई


१७ जुलै

बाई,

तुमचं म्हणणं त्यांनी परवा ऐकून घेतलं आणि आमचं काल, त्यामुळे आमच्या दिवशी काय झालं ते तुम्हाला कळलं नसेल. कागदावर येईल ते कोरडं येईल. माझ्याकडून ऐका.

खोलीत तिघं होते. मोठ्या बाई, एक निवृत्त डॉक्टर आणि एक तरुण वकीलबाई. सरदारला आणायचं नाही असं मी आधी कळवलं होतं, त्याला त्रास होईल म्हणून. वकीलबाईंनी उलट कळवलं, विषय त्यांचा आहे, तेव्हा ते येतील. तो इस्त्रीचा शर्ट घालून, बटणं स्वतः लावून, हात मागे बांधून आत गेला आणि सगळ्यांच्या आधी मधल्या खुर्चीत बसला. ती डॉक्टरांची होती. ते मुकाट्याने दुसरीकडे बसले.

माझ्या पिशवीत तुमची वही होती. हे म्हणतात, वही नेलीस म्हणजे तुला सांगायचंच होतं. मला तसं छातीठोकपणे म्हणता येत नाही. वकीलबाईंनी तक्रार वाचून दाखवली आणि हे सगळं बरोबर आहे ना असं मला विचारलं. मी हो म्हणाले. वही पिशवीत, पिशवी मांडीवर, आणि मी हो म्हणाले. तुम्हाला हे कळायला हवं म्हणून लिहिते.

मग त्यांनी सरदारला विचारलं. घाई केली नाही, हे त्यांचं चांगलं. म्हणाल्या, त्या दिवशी तुम्ही रडलात तेव्हा बाईंनी काय केलं?

सरदारने शर्टाचं वरचं बटण चाचपलं. मग म्हणाला, "बसली."

आणखी काय केलं?

"बसलीच."

डॉक्टरांनी विचारलं, तुम्हाला त्यांचा राग आला का. सरदारने नाही म्हणून मान हलवली. म्हणाला, आई मेली, मी रडलो, बाई बसली, मग पाणी प्यायलो. आणि मग माझ्याकडे बोट केलं. "ताई दारात होती. ताई गेली. मी गाडीने आलो."

बाई, तक्रारीत मी लिहिलं होतं की मी त्याला तिथून उचललं, छातीशी धरलं आणि घरी आणलं. ह्यांनासुद्धा मी तेच सांगितलं होतं. तुम्हालाच तेवढं खरं माहीत होतं. मी त्याचा विसरलेला डबा द्यायला आले होते. अर्धवट उघड्या दाराच्या काचेतून पाहिलं, ऐकलंही. त्याने विचारलं, आई मेली? आणि तुम्ही म्हणालात, हो सरदार, आई मेली. तो खाली कोसळला. तुम्ही खाली बसलात, चार पावलांवर, त्याचा हात लागणार नाही एवढ्या अंतरावर. मग वर बघितलंत, मी दिसले. तुम्ही सरकलात आणि शेजारच्या जागेवर हात ठेवलात, या म्हणून. मी डबा उंबऱ्याशी ठेवला, दार ओढून घेतलं आणि घरी आले. संध्याकाळपर्यंत शिवत बसले. पाच वाजता तो गाडीने आला, डोळे सुजलेले, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवला. त्याच रात्री मी तक्रार लिहायला घेतली. तुम्ही बसून राहिलात याचा राग नव्हता तो. मला बसता आलं नाही याचा होता.

हे सगळं मी काल त्या खोलीत सांगितलं. उभी राहून सांगितलं. वही टेबलावर ठेवली. म्हणाले, "ही तीन आठवडे माझ्या कपाटात होती. त्यांनी मला सांगितलं होतं. मी खोटं लिहिलं." मोठ्या बाईंनी चष्मा काढला आणि एकेक पान उलटायला घेतलं. फोटोच्या रिकाम्या जागेपाशी बराच वेळ थांबल्या. आम्हाला बाहेर बसायला सांगितलं.

बाहेरच्या बाकावर मला रडू आलं. सहा महिन्यांचं साठलेलं. नाक, डोळे, आवाज, कशाचं भान राहिलं नाही, आणि मी आई आई म्हणत होते, चोपन्न वर्षांची बाई. हे गोंधळून पाणी आणायला धावले. शिपाई काय झालं म्हणून आला. सरदारने त्याला हाताने थांबवलं. मग बाकाच्या दुसऱ्या टोकाला गेला, हात मांडीत घेतले आणि बसला. माझ्याकडे बघतही नव्हता, समोरच्या भिंतीकडे बघत होता. मला थोपटलं नाही, गप्प बस म्हणाला नाही. मी किती वेळ रडले माहीत नाही. थांबले तेव्हा म्हणाला, "झालं? पाणी?"

ते बसणं म्हणजे काय असतं ते मला त्या बाकावर कळलं. त्यात कोणीतरी केवढं काम करत असतं तेही कळलं. तुमचे आभार कसे मानू ते सुचत नाही, म्हणून नुसते मानते.

निकाल महिन्याभराने येईल. सहीच्या हक्काचं मी स्वतःच विचारलं. वकीलबाई म्हणाल्या, ते आम्ही सरदारांनाच विचारलं, ते म्हणाले ताई हवी. मला भीती होती ती फुकट नव्हती, पण तिचं उत्तर सरदारकडे आहे हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

ताई


१४ ऑगस्ट

बाई,

निकालाची प्रत आणि तुमचं पत्र एकाच दिवशी आलं. आधी तुमचं फोडलं.

निकालात तुमच्यावर काही नाही. तक्रार रद्द, कुठल्याही नोंदीत ठेवायची नाही, आणि तुम्हाला पूर्वीच्या जागी परत यायचं आमंत्रण. मला समज दिली आहे, ती मी दुकानात खिळ्याला अडकवलीय, गिऱ्हाइकांच्या बिलांबरोबर. केंद्रातल्या मावशींनी काल मला चहा दिला. साखर विसरल्या की मुद्दाम घातली नाही, ते कळायला मार्ग नाही.

तुमचं पत्र पाच ओळींचं. तुम्ही रागाचं काही लिहिलं नाहीत. राग नाही असंही लिहिलं नाहीत. ते बरोबर आहे, तुम्ही खोटं लिहीत नाही. परत येणार नाही म्हणता. आता राहता तिथे एक कुटुंब भेटलंय, अकरा वर्षांची मुलगी आहे, बोलत नाही, चावते, आणि शाळेने घरी पाठवून दिलीय. तिच्या आईला तुमच्या चौकशीचं कुठूनतरी कळलं आणि आता ती कचरतेय. आधी ज्यांच्याकडे काम केलंत त्यांचं पत्र आणा म्हणते.

आणि ते पत्र तुम्ही माझ्याकडे मागता. मोठ्या बाई आहेत, डॉक्टर आहेत, शिक्क्याचं पत्र दिलं असतं त्यांनी. तुमचं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं आणि म्हणाले, ह्या बाईला मी काय म्हणावं? हे म्हणाले, तिने मागितलंय ते दे.

मी ते सहा वेळा लिहिलं. हे म्हणाले, तक्रार एका बैठकीत उरकलीस आणि ह्याला सहा लागले. सोबत जोडतेय. पाकीट चिकटवलेलं नाही, तुम्ही वाचून मग द्या. नको वाटलं तर देऊ नका, मी काही विचारणार नाही.

तुम्ही परत येणार नाही हे सरदारला मीच सांगितलं. त्याच दिवशी, त्याने विचारायच्या आधी. रडला. मी बसले. चार पावलं मोजून बसले, कारण मला अजून अंदाज येत नाही.

ताई


१४ ऑगस्ट, सोबतचं पत्र

त्या मुलीच्या आईस,

तुम्ही मला ओळखत नाही. बाईंविरुद्ध ज्या घरातून तक्रार गेली ते घर आमचं, आणि ती लिहिणारी मी. तेव्हा त्यांच्याबद्दल कोणाला विचारायचं तर मलाच विचारायला हवं.

माझा भाऊ एक्केचाळीस वर्षांचा आहे. त्याला गोष्टी समजायला वेळ लागतो. बाई त्याच्याबरोबर चौदा महिने होत्या. त्या संथ आहेत, हे आधीच सांगते. तुमची मुलगी चप्पल घालत असेल तर ती घालून होईपर्यंत त्या थांबतील, मग खाली गाडी निघून का जाईना. तुम्हाला हात शिवशिवतील. त्या तुमच्या मुलीदेखत तिला 'ही' म्हणून तिच्याबद्दल बोलणार नाहीत, तिच्याशी बोलतील, ती उत्तर देवो न देवो. एखादी गोष्ट माहीत नसली तर माहीत नाही म्हणतील. हुशार डॉक्टरांची सवय असेल तर तुम्हाला हे चमत्कारिक वाटेल.

ती चावते म्हणून त्या तिला धरून ठेवणार नाहीत. ती कधी चावते, त्याआधी काय होतं, हे लिहून ठेवतील, आणि बहुतेक वेळा त्याआधी काय झालेलं असतं हे तुमच्या घरातल्या कुणाला तरी ऐकायचं नसेल. आमच्या घरात ती व्यक्ती मी होते. त्यांनी मला तोंडावर सांगितलं, हळू आवाजात, तीन वेळा. मी ऐकलं नाही. मग माझ्या भावाने त्यांना एक प्रश्न विचारला आणि त्यांनी खरं उत्तर दिलं. त्यावरून मी त्यांची नोकरी घालवली.

तक्रारीत मी लिहिलं की त्यांनी आम्हाला सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं. मी लिहिलं की भाऊ रडत असताना त्यांनी काही केलं नाही. त्या त्याच्याजवळ बसून राहिल्या होत्या, आणि तिथून निघून गेले होते ती मी. हे मी चौकशीत सांगितलंय आणि इथे सहीनिशी लिहून देते. कोणी विचारलं तर हा कागद दाखवा.

तुम्हाला त्यांचा राग येईल. येऊ दे, तो त्यांना नवीन नाही. माझा भाऊ आज त्याचं दुःख त्याच्या शब्दांत सांगू शकतो आणि पोटभर जेवतो. माझ्या आईला जे चाळीस वर्षांत जमलं नाही आणि मला जे कधीच जमलं नसतं ते त्यांनी केलं, आणि आम्ही त्यांना धड निरोपसुद्धा दिला नाही.

आम्ही हे माणूस आमच्या हाताने घालवलं. तुम्ही ठेवून घ्या.

सरदारची ताई